गिटारची कॉपी आणि गायब होणारा खर्ज

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजला आहे: रिदम गिटारचा ट्रॅक कॉपी करा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे पॅन करा (म्हणजे त्या बाजूच्या स्पीकरकडे वळवा), की गिटार रुंद झाली! प्रत्यक्षात दोन्ही कानांना हुबेहूब तोच तरंग मिळाला, की आवाज मधोमधच ऐकू येतो. फक्त मोठा होतो.

मग दुसरी युक्ती निघते: उजवी कॉपी काही मिलिसेकंद मागे सरकवायची. हेडफोनवर खरंच रुंदी जाणवते. पण मोनो स्पीकरवर डावं-उजवं एकत्र मिसळतं आणि घोळ होतो.

समजा, उशीर 6 मिलिसेकंदांचा आहे. सर्वांत जाड तार, खालची ई, सेकंदाला 82.4 वेळा कंप पावते. एका आवर्तनाला सुमारे 12 मिलिसेकंद. म्हणजे कॉपी जवळजवळ बरोबर अर्धं आवर्तन मागे पडली. एकीकडे तरंगाचं शिखर, तेव्हाच दुसरीकडे दरी; बेरीज जवळपास शून्य. तिप्पट आणि पाचपट हार्मोनिक्सचीही, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांचीही (247 आणि 412 हर्ट्झ), हीच गत. उलट दुप्पट आणि चौपट हार्मोनिक्सच्या (165 आणि 330 हर्ट्झ) तरंगांची उंची दुप्पट होते. खर्ज गेला आणि तोच स्वर एक सप्तक वर चढल्यासारखा वाटू लागला! शेजारच्या ए तारेचा 110 हर्ट्झचा मूळ स्वर मात्र एका ट्रॅकइतका शिल्लक राहतो, त्यामुळे कॉर्डचा तोलही बिघडतो. आलेखावर हे खड्डे कंगव्याच्या दातांसारखे दिसतात, म्हणून याला कोम्ब फिल्टरिंग म्हणतात. एका क्लिकमध्ये रुंदीचं आश्वासन देणारी अनेक प्लगइन्स (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं) आतून हाच उशीर वापरतात. जाहिरातीत खड्ड्यांचा उल्लेख नसतो.

उपाय एकच: तोच भाग पुन्हा वाजवा. दोन वादनांतला फरक प्रत्येक स्ट्रोकला बदलतो, त्यामुळे खड्डे एका जागी ठरत नाहीत. दुसऱ्या टेकआधी गिटार पुन्हा ट्यून करा, पिकअप (तारांचा कंप टिपणारा गिटारवरचा भाग) बदला आणि गेन, म्हणजे आवाज खरखरीत करणारी अॅम्पची पातळी, एकट्या ट्रॅकला ठेवाल त्यापेक्षा कमी ठेवा. दोन ट्रॅकची ही खरखर, म्हणजे डिस्टॉर्शन, एकत्र आली की स्ट्रोकची धार बोथट होते. स्ट्रोक 30 मिलिसेकंदांहून जास्त फाकले तर दोन वेगळे ठोके ऐकू येऊ लागतात. तेवढाच तुकडा पुन्हा घ्या. हाय-पास (त्याखालचे सूर गाळणारा फिल्टर) 80 हर्ट्झच्या आसपास लावा. शेवटी मास्टरवरचं (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनेलवरचं) मोनो बटण दाबून गिटारची पातळी गायकाच्या आवाजाशी पडताळा: कडेला पॅन केलेल्या गिटार मोनोत मधल्या आवाजाच्या तुलनेत सुमारे 3 डेसिबलने मागे जातात.