बदली
बदली : नोकरीतील व्यक्तीचा हुद्दा व वेतनश्रेणी तीच ठेवून तिला दुसऱ्या कार्यालयात, गावात किंवा कामावर नेमणे. न्यायालयांनी ती सेवेचाच एक भाग मानली आहे. ठरावीक ठिकाणीच राहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला सहसा सांगता येत नाही.

बदलीच्या शेजारच्या संज्ञा वेगळ्या राखल्या जातात त्या मूळ पदावरचा हक्क कोठे राहतो यावरून. बदलीत कर्मचारी जुन्या कार्यालयातून कार्यमुक्त होतो, नव्या ठिकाणी रुजू होतो आणि मागचे पद सुटते. प्रतिनियुक्तीत तो दुसऱ्या विभागात किंवा महामंडळात मुदतीपुरता जातो, पण त्याचा धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावरचा हक्क, मूळ विभागात कायम असतो. मुदत संपल्यावर परत येणे म्हणजे प्रत्यावर्तन. अतिरिक्त कार्यभारात माणूस जागचा हलत नाही, दुसऱ्या टेबलाच्या फायली तेवढ्या त्याच्याकडे येतात. पद उरले नाही म्हणून दुसऱ्या जागी सामावून घेणे, ते समायोजन.

महाराष्ट्रात शासकीय बदल्यांसाठी 2005 चा अधिनियम आहे. त्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी 3 वर्षांचा. सचिवालयाबाहेरील गट क कर्मचाऱ्यांना मात्र एका कार्यालयात असे दोन कालावधी मिळतात. बदल्या एरवी वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या. मुदतीआधी किंवा मध्येच बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. कायद्याची खरी परीक्षा याच ठिकाणी होते. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढ्या दोन शब्दांवर निघालेले आदेश महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे बोलीतल्या ‘मॅट’मध्ये, आव्हानित होतात आणि नोंदवलेली कारणे तकलादू निघाली तर रद्दही होतात. विनंती बदली कर्मचाऱ्याने स्वतः मागितलेली असल्याने तिला प्रवासखर्च मिळत नाही. शिक्षा म्हणून बदली, असे नियमांत कोठेही लिहिलेले नाही. कार्यालयात मात्र ती कोणती, हे सगळ्यांना ठाऊक असते.

सर्वांत गुंतागुंतीची पद्धत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांची. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने शाळांची सर्वसाधारण आणि अवघड अशा क्षेत्रांत विभागणी झाली आणि बदल्या संगणकावर आल्या. अवघड क्षेत्रात 3 वर्षे काढलेला शिक्षक ‘बदली अधिकार प्राप्त’ ठरला; सर्वसाधारण क्षेत्रात दीर्घकाळ असलेल्या ‘बदलीपात्र’ शिक्षकाची शाळा त्याला मागता येऊ लागली. ज्याची शाळा अशी गेली तो म्हणतो, ‘मला खो बसला.’ पती आणि पत्नीच्या शाळांत 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर एकत्रीकरणासाठी त्यांना स्वतंत्र प्राधान्य देण्यात आले. विद्यार्थ्यांचा पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकसंख्या ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतो. नोकरी टिकते, पण समायोजनाने शाळा बदलते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत ‘बदली’चा अर्थ जवळजवळ उलटा होता. तेथे बदली म्हणजे हलवलेला माणूस नव्हे, तर गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहणारा. रोज सकाळी गेटवर जायचे आणि काम मिळाले तरच खाडा टळायचा. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी, आणि त्याची किंमतही वसूल करी. त्याला आळा घालण्यासाठी 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली : निवडक कामगारांना कार्ड द्यायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. तरीही वर्षानुवर्षे बदलीच राहिलेले कामगार गिरणगावात भरपूर होते. 1982 च्या संपातही त्यांना कायम करण्याची मागणी होती. औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी पाठातही ‘बदली’ हा शब्द तसाच आला. एक वर्ष सलग सेवा झाली की त्या कायद्याच्या दृष्टीने कामगार बदली राहत नसे.

पैशांच्या बाबतीत बदलीचा शब्द चालत नाही. निधी ‘वर्ग’ होतो किंवा ‘वळवला’ जातो. ‘वळवला’ या शब्दात नाराजी असते. विधिमंडळाने मंजूर केलेल्या एकाच अनुदानातील एका लेखाशीर्षाखालची, म्हणजे खर्चाच्या एका सदराखालची, बचत दुसऱ्याकडे नेणे म्हणजे पुनर्विनियोजन, आणि ते 31 मार्चच्या आत व्हावे लागते. महसुली खर्चाची रक्कम भांडवली खर्चाकडे किंवा दत्तमत (मतदानाने मंजूर झालेली) रक्कम भारित (मतदान न लागणाऱ्या) खर्चाकडे अशी नेता येत नाही. त्यासाठी विधिमंडळात पुरवणी मागणी मांडावी लागते.