मिरचीने मिरीचं नाव घेतलं त्याची गोष्ट

मिरी आणि मिरची यांचं झाड म्हणून एकमेकींशी काहीही नातं नाही. मिरी हा केरळ-कोकणातला वेल, नागवेलीच्या कुळातला. मिरची वांगी-टोमॅटोच्या घरातली, आणि मूळची अमेरिका खंडातली. पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे एकाही स्वयंपाकघरात ती नव्हती. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि सुंठ-आलं होतं. (उपासाच्या खिचडीतला साबुदाणा, दाणे, बटाटा आणि मिरची हे चौघेही तिकडचेच. उपासाला ते चालतात कसे, हे विचारायचं नाही!)

कोलंबस निघाला होता मसाल्यांच्या शोधात. कॅरिबियन बेटांवर त्याला मिरची भेटली आणि जानेवारी १४९३ च्या रोजनिशीत त्याने तिची नोंद तिथल्या लोकांची मिरी अशीच केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा इथेही तेच घडलं. संस्कृत 'मरिच' म्हणजे काळी मिरी. त्यातला 'च' प्राकृतात गळून 'मिरी' झाली होती. तो 'च' राखलेलं रूप पाहुणीला मिळालं. तमिळमध्ये मिरीला 'मिळगु', मिरचीला 'मिळगाय', म्हणजे मिरीचं फळ. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्सने तर १५४३ च्या आपल्या ग्रंथात मिरचीला चक्क 'कालिकतची मिरी' म्हटलं!

दिसायला, वासाला, चवीला इतक्या वेगळ्या वस्तूंना सगळीकडे एकच नाव का सुचावं? उत्तर जिभेत आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि मिरीतलं पायपरिन हे दोन्ही रेणू चेतातंतूंवरच्या एकाच प्रथिनाला चेतवतात. त्याचं नाव टीआरपीव्ही१. खरं तर हे प्रथिन उष्णता ओळखण्यासाठी असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे ते जागं होतं. कॅप्सेसिन त्याला थंड पदार्थातही जागं करतं, आणि मेंदूला निरोप जातो तो भाजल्याचा. 'तोंडाची आग झाली' ही म्हणूनच नुसती अतिशयोक्ती नाही. मिरच्या चिरल्यावर बोटं चुरचुरतात तीही याच कारणाने. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पायपरिन हेच काम करतं, पण बेताने.

नाव उसनं घेतलेली मिरची पुढे नावाची मालकीण झाली. हिंदीत नुसतं 'मिर्च' म्हटलं की मिरची. मूळ मालकिणीला 'काली' हे विशेषण लावून ओळख सांगावी लागते. मल्याळममध्येही 'मुळकु' म्हणजे आता मिरची, आणि खुद्द मिरीच्या माहेरी मिरी झाली 'कुरुमुळकु'. मराठीत मात्र मिरीने आपलं नाव राखलं.

गमावलं ते दुसरंच. 'तिखट' हा शब्द 'तीक्ष्ण'चा वंशज. एखाद्याचे कान तिखट असतात, तिथे हा जुना अर्थ अजून टिकून आहे. पण पंगतीत कोणी 'जरा तिखट वाढा' म्हटलं, तर मिरपूड घेऊन कोणीही येत नाही.