ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमधली थरथर आणि तिचं डँपिंग

इंजिन ताकद सलग देत नाही, झटक्याझटक्यानं देतं, आणि क्लच, गिअरबॉक्स, पीटीओ (मागच्या अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) या वाटेवर ते झटके मवाळ करायचे याला व्हायब्रेशन डँपिंग म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना तीन सिलिंडरचं फोर स्ट्रोक डिझेल इंजिन असतं, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन स्फोट, २००० आरपीएमला सेकंदाला ५० झटके आणि ८०० ला २०.

यातले बरेच फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, गिळतं. उरलेल्यांसाठी क्लच प्लेटच्या मधोमध त्या गोल मांडलेल्या स्प्रिंगा असतात, झिजलेली प्लेट हातात घेतली की खुळखुळतात त्याच. खरी मेख इथंच आहे, स्प्रिंग फार कडक ठेवली तर रेझोनन्स (झटके यंत्रणेच्या स्वतःच्या लयीशी जुळून थरथर वाढणं) नेमका कामाच्या आरपीएमला येतो आणि गिअरचे दाते एकमेकांवर आपटत राहतात, फार मऊ ठेवली तर नांगराचा लोड आला की पूर्ण दबून टेकते, मग ती असून नसल्यासारखीच. म्हणून कमी लोडला मऊ आणि जास्त लोडला कडक अशा दोन टप्प्यांच्या स्प्रिंगा देतात. सोबत थरथर जिरवायला घर्षणाचे वॉशर असतात, पण डँपिंग जितकं जास्त तितकं चांगलं हा समज साफ चुकीचा आहे: चालू-बंद करताना इंजिन रेझोनन्समधून जातं तेवढ्यापुरतं ते लागतंच, पण झटक्यांची फ्रिक्वेन्सी नैसर्गिक फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे त्या स्वतःच्या लयीच्या, साधारण १.४ पटीपुढे गेली की जास्तीचं घर्षण झटके उलट पुढे पाठवतं.

बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते, इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडलेले तोच कणा (ही पद्धत १९१७ पासून फोर्डसननं रूढ केली), त्यामुळे थरथर थेट पायाखाली आणि स्टीअरिंगवर येते. पाठीचं दुखणं मात्र वेगळं, मणक्याला सगळ्यात त्रास ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या हादऱ्यांचा होतो आणि ते ढेकळांवरून टायरमधून येतात, तिथं सीटचं सस्पेन्शन आणि टायरची हवाच बघायला पाहिजे.

रोटाव्हेटरचा प्रश्न पीटीओपासून त्याच्यापर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसमध्ये, म्हणजे वाकणाऱ्या सांध्यात, असतो. शाफ्ट वाकडा चालला की एका क्रॉसच्या पुढचा वेग दर फेरीला दोनदा कमीजास्त होतो, २० अंशांना साधारण ६ टक्के, ३० अंशांना १५ टक्क्यांपर्यंत. ५४० आरपीएमच्या पीटीओला हे सेकंदाला १८ वेळा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे आतले योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असले आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले तर हा फरक एकमेकांत जिरतो, म्हणून शाफ्ट काढून परत घालताना योक जुळवायलाच हवेत आणि बांधावर वळताना रोटाव्हेटर उचलला की कोन बदलतात, त्यामुळे उचलायच्या आधी पीटीओ बंद करावा.