साथ आधी, प्रयोगशाळा मागून

नव्या विषाणूंसाठी प्रयोगशाळा आधीच सज्ज हव्यात, हे करोनानंतर ऊठसूट ऐकू येतं. मुंबईचा अनुभव मात्र उलटा आहे. इथे साथ आधी शिरली आणि प्रयोगशाळा तिच्या मागून, मिळेल त्या जागेत उभी राहिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. कलकत्त्याकडे कॉलऱ्याच्या लशीवर काम करणारे वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आले, तेव्हा त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडीशी जागा आणि मोजके मदतनीस मिळाले. त्यांची युक्ती अगदी स्वयंपाकघरातली होती. मांसरसावर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वाढत आणि झुंबरासारखे खाली लोंबत. मग भांडं हलवून ते तळाशी पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे आणि शेवटी तापवून मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. १८८२ मध्ये गव्हर्नरांची पत्नी लेडी फर्ग्युसन याच वाड्यात कॉलऱ्याने गेली आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला. साथीने रिकामी केलेली वास्तू साथीच्या अभ्यासालाच मिळाली!

पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावं लागलं. दोष परळच्या प्रयोगशाळेचा नव्हता, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. लस बनवणं आणि ती गावोगाव निर्जंतुक राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. आजही सज्जतेची चर्चा बहुधा पहिल्यावरच अडकते.

परळचं दुसरं मोठं काम पिसवांवरचं. प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्येच मांडलं होतं, पण फार कुणी मनावर घेतलं नाही. परळच्या ग्लेन लिस्टन यांनी प्लेग लागलेल्या घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा तपासल्या. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळमध्ये हेच बारकाईने पडताळलं. पिसवांना शिरता येणार नाही अशा जाळीतले प्राणी वाचले. तोवर सरकारचा सगळा भर माणसांची झडती घेण्यावर आणि घरं धुण्यावर होता.

या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी तिचे पहिले भारतीय संचालक झाले. १९४९ पासून परळमध्ये पोलिओचं संशोधनही सुरू झालं, आणि माझ्या मते खरी कलाटणी तिथे आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू नियमित शोधायला सुरुवात झाली. लकवा झालेलं मूल दवाखान्यात येण्याची वाट आता पाहायची नव्हती. गटाराचं पाणी आधी बोलतं.

करोनात चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या प्रयोगशाळेवर चाचण्यांचा भार पडला. तिथेच विषाणूचा जनुकक्रम वाचणारी यंत्रणा ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. तोवर दुसरी लाट ओसरली होती.