वस्तू बदलून मिळते, पण तिनं केलेल्या नुकसानाचं काय? भरपाईच्या हक्कामागचा इतिहास

चार्जर फुटला, टेबल जळालं, शेजारी ठेवलेला लॅपटॉप गेला आणि वर हाताला भाजलं. कस्टमर केअरला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं, वॉरंटीत आहे ना, मग नवीन चार्जर पाठवतो. बरेच जण तिथंच गप्प बसतात कारण कार्डवर तसंच छापलेलं असतं. पण चार्जर बदलून देणं वेगळं आणि त्या चार्जरनं जे जाळलं त्याची भरपाई देणं वेगळं. ही दुसरी गोष्ट मिळवायला लोकांना शंभराहून जास्त वर्षं कोर्टात भांडावं लागलंय, आणि हे भांडण मुळात एकाच गोष्टीवरून होतं, सिद्ध कोणी करायचं आणि काय सिद्ध करायचं. तो सगळा प्रवास थोडा सविस्तर लिहितोय, कारण तो माहीत असला की कंपनीकडे आपण नक्की काय मागतोय हे आपल्यालाच नीट कळतं.

सुरुवात १८४२ ची, इंग्लंडमधली. विंटरबॉटम नावाचा माणूस टपालाची घोडागाडी चालवायचा. गाडी पुरवायचं आणि ती सुस्थितीत ठेवायचं कंत्राट राइट नावाच्या माणसानं टपाल खात्याकडून घेतलं होतं. गाडी मोडली, विंटरबॉटम फेकला गेला आणि जन्मभरासाठी अधू झाला. त्यानं राइटवर दावा लावला तर कोर्ट म्हणालं, राइटचा करार टपाल खात्याशी आहे, तुझ्याशी नाही, तेव्हा तुला दावा करता येणार नाही. गाडीत दोष होता का, राइटनं दुर्लक्ष केलं का, या प्रश्नांपर्यंत गोष्ट गेलीच नाही. न्यायाधीश लॉर्ड अॅबिंजर यांना भीती अशी वाटत होती की याला परवानगी दिली तर उद्या गाडीतला प्रत्येक प्रवासी, एवढंच काय रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा दावा घेऊन येईल. आता त्या रस्त्यानं जाणाऱ्याच्या अंगावर गाडी कोसळली असेल तर त्यानं कुठं जायचं याचं उत्तर त्या निकालात नव्हतं.

या नियमाचा परिणाम किती लांबचा होता बघा. माल कारखान्यातून ठोक व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानदाराकडे, तिथून गिऱ्हाईकाकडे आणि गिऱ्हाईकाच्या घरात वापरणारा तिसराच कोणीतरी. कारखानदाराचा करार फक्त पहिल्या व्यापाऱ्याशी, आणि त्या व्यापाऱ्याला तर काहीच झालेलं नसतं. म्हणजे ज्यानं वस्तू बनवली तो सुरक्षित आणि ज्याला लागलं त्याला विचारायला कोणी नाही. ज्यानं स्वतः पैसे मोजले तो फार तर दुकानदाराला धरू शकायचा, पण त्याच्या बायकोमुलांना तेवढंही नव्हतं.

पहिली फट पडली १८५२ ला न्यूयॉर्कमध्ये. डँडेलियनचा अर्क असं लेबल लावलेल्या बरणीत बेलाडोना निघाला, जो विषारी असतो. बरणी बनवणाऱ्याकडून एका औषधविक्रेत्याकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे आणि मग पेशंटकडे गेलेली. कोर्टानं बनवणाऱ्याला जबाबदार धरलं, पण अपवाद म्हणून, की विषासारखी मुळातच जीवघेणी वस्तू असेल तर करार नसला तरी दावा चालेल. बाकीच्या साध्या वस्तूंना जुनाच नियम.

तो साध्या वस्तूंचा दरवाजा १९१६ ला उघडला, मॅकफर्सन विरुद्ध ब्युइक या केसमध्ये. डीलरकडून घेतलेल्या कारच्या चाकाचे लाकडी आरे चालू गाडीत मोडले आणि मालक बाहेर फेकला गेला. कंपनीची बाजू अशी की आम्ही गाडी डीलरला विकली, याला नाही, आणि ते चाक तर आम्ही बनवलेलंही नाही, दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलंय. न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनी दोन्ही मुद्दे फेटाळले. त्यांचं म्हणणं मला फार पटतं, की डीलर हा तर असा एकमेव माणूस आहे की तो ती गाडी वापरणार नाही हे जवळपास नक्की सांगता येतं, मग कायद्यानं फक्त त्यालाच संरक्षण द्यायचं आणि जो खरंच चालवणार त्याला नाही, हे कसं? आणि पार्ट बाहेरून घेतला असला तरी तो तपासून बसवणं हे गाडी बनवणाऱ्याचंच काम. "तो पार्ट आमचा नाहीये सर" हे वाक्य आजही ऐकायला मिळतं, त्याला १९१६ मध्येच उत्तर दिलं गेलंय.

ब्रिटनमध्ये हेच व्हायला १९३२ उजाडलं. १९२८ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या पेझली गावात मे डोनोह्यू नावाच्या बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेल्या, मैत्रिणीनं त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. अर्धी पिऊन झाली आणि उरलेली ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली असं त्यांचं म्हणणं. बिल मैत्रिणीनं दिलेलं, म्हणजे बाईंचा कॅफेशी पण करार नाही आणि बनवणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर नाहीच नाही. कोर्टाचा खर्च परवडत नाही असं लिहून देऊन त्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) गेल्या आणि दावा चालू शकतो हा मुद्दा तीन विरुद्ध दोन अशा मतांनी जिंकल्या. लॉर्ड अॅटकिन यांनी तत्त्व असं मांडलं की आपल्या कृतीची झळ ज्यांना थेट बसू शकते हे आपल्याला आधीच कळायला हवं, त्यांच्याबाबत काळजी घेणं आपलं कर्तव्य आहे. गोगलगाय खरंच बाटलीत होती का हे मात्र कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही, कारण पुराव्यापर्यंत जायच्या आधीच प्रकरण मिटलं. एका मतानं फिरलेला हा निकाल पुढं कितीतरी देशांच्या कायद्याचा पाया झाला.

पण इथं खरी अडचण सुरू होते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. कराराची भिंत पडली तरी निष्काळजीपणा सिद्ध करायचा होता आणि तो करायचा ज्याला लागलंय त्यानं. कारखान्यात कुठल्या दिवशी, कुठल्या मशिनवर, कोणाच्या हातून चूक झाली हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? सगळी कागदपत्रं, सगळे टेस्ट रिपोर्ट कंपनीच्याच कपाटात.

१९४४ ची कॅलिफोर्नियाची केस यासाठी बघण्यासारखी आहे. एस्कोला नावाची वेट्रेस कोका-कोलाच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवत होती, एक बाटली हातातच फुटली आणि हाताला खोल जखम झाली. ती म्हणाली की नक्की चूक काय झाली ते मला दाखवता येणार नाही. वर त्या बाटलीचे तुकडेही रेस्टॉरंटमधल्या कोणीतरी लगेच फेकून दिले होते, त्यामुळे कोर्टात तिला तोंडानं वर्णन करून, तडा कुठून कुठं गेला त्याची आकृती दाखवून काम चालवावं लागलं. तरी ती जिंकली, कारण कोर्टानं मानलं की नीट भरलेली बाटली अशी आपोआप फुटत नाही. (सगळ्यांचं नशीब असं नसतं, फुटलेली जळालेली वस्तू हाच पहिला पुरावा, फोटो न काढता ती परत देऊन टाकू नये.) याच निकालात न्यायाधीश रॉजर ट्रेनर यांनी वेगळं मत जोडलं, की हा निष्काळजीपणा शोधायचा खटाटोपच कशाला हवा? दोष असलेली वस्तू बाजारात आली आणि तिच्यामुळे माणसाला लागलं, एवढं पुरेसं असलं पाहिजे, कारण एका माणसाला तो खर्च आयुष्यातून उठवू शकतो, कंपनी मात्र विमा काढून तो धंद्याचा खर्च म्हणून सगळ्यांमध्ये वाटू शकते. त्या वेळी हे फक्त त्यांचं एकट्याचं मत होतं.

पुढची लढाई छोट्या अक्षरांशी झाली. १९५५ मध्ये हेनिंगसेन नावाच्या गृहस्थांनी नवी प्लिमथ गाडी घेतली, पंधरा दिवस व्हायच्या आत बायको चालवत असताना स्टिअरिंग फिरलं आणि गाडी भिंतीवर गेली. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं की ९० दिवस किंवा ४,००० मैल यातलं जे आधी होईल तोपर्यंत खराब पार्ट बदलून देऊ, याव्यतिरिक्त आमची कसलीच जबाबदारी नाही. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं १९६० मध्ये ही अट धुडकावली. सगळ्या मोठ्या कार कंपन्या एकच छापील अट पुढं करतात, गिऱ्हाईकाला घासाघीस करायला जागाच नाही, मग अशा सहीला मान्यता म्हणायचं कसं, असं कोर्टाचं म्हणणं. आणि सही नवऱ्याची असली तरी बायकोचा दावाही मान्य झाला. वॉरंटी कार्डवर "फक्त बदलून देऊ" छापलं म्हणजे विषय संपला असं जे आपण धरून चालतो ना, ते तेव्हापासूनच डळमळीत आहे.

मग १९६३. ग्रीनमन यांना बायकोनं करवत, ड्रिल आणि लेथ एकातच असलेलं यंत्र भेट दिलं होतं. लेथवर लाकूड फिरत असताना ते उडून कपाळावर बसलं, लाकूड धरून ठेवणारे स्क्रू त्या कामाला पुरेसे नव्हते. कंपनी म्हणाली, अपघातानंतर साडेदहा महिन्यांनी कळवलं, वॉरंटीच्या दाव्याला उशीर झाला. तेच ट्रेनर आता पूर्ण कोर्टाच्या वतीनं लिहीत होते आणि त्यांनी सांगितलं की हा वॉरंटीचा विषयच नाही, दोष असलेल्या वस्तूनं माणसाला इजा केली की बनवणारा जबाबदार. १९४४ ला एकट्याचं असलेलं मत एकोणीस वर्षांनी कायदा झालं, आणि लवकरच अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ते उचललं.

युरोपला जाग यायला थॅलिडोमाइड घडावं लागलं. ग्रुनेन्थाल या जर्मन कंपनीचं हे औषध १९५७ मध्ये बाजारात आलं, गरोदर बायकांनीही मळमळीसाठी घेतलं आणि १९६१ च्या शेवटी मागं घेईपर्यंत जगभरात हजारो बाळं हातपाय अपुरे घेऊन जन्मली. जुन्या कायद्यात आईबापांनी निष्काळजीपणा सिद्ध करायचा होता. जर्मनीत फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालून निकालाशिवाय बंद झाला आणि १९७० मध्ये १० कोटी मार्कांची तडजोड झाली. कंपनीनं जाहीर माफी मागितली ती २०१२ मध्ये, हे लिहिताना अजूनही चीड येते. या सगळ्यातून १९८५ चा युरोपीय निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम) आला, की नुकसान झालेल्या माणसानं तीनच गोष्टी दाखवायच्या, नुकसान, वस्तूतला दोष आणि दोघांमधला संबंध. चूक कोणाची हे नाही. कळल्यापासून ३ वर्षांत दावा, आणि वस्तू बाजारात आल्यापासून १० वर्षांनंतर हक्क संपला. जपाननं १९९४ मध्ये असाच कायदा केला. भारतात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहक धरला होता, आणि २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूनं केलेल्या नुकसानाच्या जबाबदारीचं, स्वतंत्र प्रकरण आलं, ते जुलै २०२० पासून लागू आहे.

आता एक गोष्ट जिथं लोक हमखास गोंधळतात. वस्तू फक्त स्वतःच खराब झाली, बाकी कशाला धक्का नाही, तर हा सगळा इतिहास सहसा कामाला येत नाही. १९८६ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टानं तेलवाहू जहाजांच्या टर्बाइनच्या केसमध्ये तेच सांगितलं, टर्बाइननं स्वतःलाच बिघडवलं असेल तर तो कराराचा आणि वॉरंटीचा विषय. युरोपच्या निर्देशातही खुद्द त्या वस्तूची किंमत धरत नाहीत. म्हणून कंपनीला पत्र लिहिताना वस्तूची मागणी आणि तिनं केलेल्या नुकसानाची मागणी वेगवेगळी मांडावी, उपचाराचा खर्च, जळालेलं सामान, बुडालेलं काम, सगळं सुटं सुटं. आणि बातम्यांतले मोठे आकडे मनात धरू नयेत. फोर्ड पिंटो गाडीच्या पेटणाऱ्या इंधन टाकीच्या केसमध्ये १९७८ ला ज्यूरीनं १२.५ कोटी डॉलर दंडात्मक भरपाई दिली होती, न्यायाधीशांनी ती ३५ लाखांवर आणली.

नुकसान, दोष आणि दोघांमधला संबंध या तीन गोष्टी दाखवायचं ओझं मात्र अजून ग्राहकावरच आहे आणि आजच्या वस्तूंमध्ये ते पेलणं कठीण झालंय, कारण दोष स्क्रूत नसून सॉफ्टवेअर अपडेटमध्ये असला तर तो दाखवायचा कसा? युरोपनं २०२४ मध्ये नवा निर्देश काढला तो यासाठीच. त्यात सॉफ्टवेअरही वस्तू धरलंय, खासगी वापरातला डेटा नष्ट झाला तर तेही नुकसान धरलंय, कंपनी युरोपबाहेरची असेल तर आयातदाराला धरता येतं. दाव्यात दम दिसला तर कोर्ट कंपनीला तिच्याकडची कागदपत्रं उघडायला लावू शकतं, आणि तिनं ती दिली नाहीत तर वस्तूत दोष होता असंच गृहीत धरायचं, मग नव्हता हे दाखवायची पाळी कंपनीची. हे लागू होईल ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात आलेल्या वस्तूंना, त्याआधीच्या वस्तूंना १९८५ चेच नियम, त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं दोन्ही नियम बरोबरीनं चालणार आणि केस कशात बसते हे ती वस्तू बाजारात कधी उतरली त्यावर ठरणार.