चादरीचा धडा आणि विषयांचे रकाने

सोलापूरच्या पूर्व भागात मागाचा आवाज ऐकतच मुले मोठी होतात. चौथीच्या वर्गाला सांगावे, ‘आजपासून तुम्ही चादरीचे कारखानदार.’ मग आलेखाच्या कागदावर चौकटी भरून मोर काढायचा. जकार्ड म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची यंत्रणा; तिची नक्षीही आधी अशीच चौकटींत उतरते. मोराची दुसरी बाजू जुळवताना सममिती येते, सुताचा हिशेब येतो, गिऱ्हाइकाला पत्र लिहावे लागते आणि १८७७च्या जुन्या गिरणीचा इतिहासही निघतो. घरी तेलुगू बोलणारे, एरवी गप्प असणारे मूल इथे बोलू लागते.

एकाच कामातून अनेक विषय शिकवण्याचा हा विचार जुना आहे. १९३७च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत, हस्तोद्योग मध्यभागी होता आणि बाकीचे विषय समवायाने, म्हणजे त्या कामाच्या ओघातच, त्याला जोडायचे होते. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात नाट्यशिक्षणातून मुलांना तज्ज्ञाची कल्पित भूमिका देण्याची पद्धत रुजली. तिथेही १९८८च्या कायद्याने अभ्यासक्रम विषयवार बांधला.

आपल्याकडची गाठ बसली ती २०१०मध्ये. शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिकला, म्हणजे शिकता शिकताच होणाऱ्या मूल्यमापनाला, ७० टक्के भार, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. उपक्रम, प्रकल्प, प्रात्यक्षिक यांना गुणांत हक्काची जागा मिळाली, ही मोठीच गोष्ट. पण नोंद राहिली विषयवार. चादरीचे काम मुलाने सलग केलेले. शिक्षकाने मात्र त्याचे तुकडे करून मोर कलेत, सममिती गणितात, पत्र मराठीत टाकायचे. मोराची चूक दुरुस्त करताना त्याने चौकटी पुन्हा मोजल्या, ती कोणत्या विषयाची? नोंदवही पूर्ण हवी म्हटल्यावर शिक्षक साहजिकच विषयवार उपक्रमांकडे वळतो. ‘शिक्षकांना नवे नको असते’ हा आरोप म्हणूनच मला अन्यायाचा वाटतो.

२०१५नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाच्या काळात ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच ज्ञान रचते हा विचार, गावोगावी पोहोचला. वर्गांच्या फरशा रंगल्या, गटात बसणे वाढले. रकाने तसेच राहिले. २०२०मध्ये माढा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाला जागतिक पुरस्कार मिळाला आणि सगळी चर्चा त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडभोवती फिरली.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला, खेळ आणि गोष्टी यांतून शिकवण्याची शिफारस आहे. मुलाने स्वतःचे व सोबत्यांनी त्याचे मूल्यमापन करावे, असे समग्र प्रगतिपत्रकही त्यात सुचवले आहे. त्या पत्रकात चादरीचे काम एकाच जागी, अखंड नोंदवता आले पाहिजे.