दोरा निवडताना: शिलाई मशीन आणि गोधडीसाठी माहिती

‘चाळीस नंबरचा दोरा द्या’ म्हटल्यावर काउंटरवरून ‘कुठला चाळीस?’ असा उलट प्रश्न आला तर रागावू नका. बाजारात चाळीस तीन तऱ्हेचे मिळतात आणि तिन्हींची जाडी वेगळी असते.

रिळावर ४०/२ छापले असेल तर तो सुताचा काउंट. एका पौंड सुतात ८४० यार्डांच्या जेवढ्या लडी बसतात तेवढा काउंट, आणि ४०/२ म्हणजे चाळीस काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले. ४० च्या पुढे डब्ल्यूटी असेल तर असा ४० किलोमीटर दोरा एक किलो भरतो. टिकेट ४० असेल तर हिशेब तिसराच. ३००० ला टिकेटच्या आकड्याने भागले की टेक्स निघतो, आणि टेक्स म्हणजे १,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन. सगळे टेक्समध्ये आणून पाहा: ४०/२ साधारण ३०, ४० डब्ल्यूटी २५, आणि टिकेट ४० थेट ७५. हा शेवटचा दोरा जीन्स नि पिशव्यांचा. ब्लाउजवर त्याची टीप सुतळीसारखी उठून दिसेल. मुळात ११ नंबरच्या सुईतून तो नीट चालणारच नाही.

म्हणून लेबलवर टेक्स शोधा. त्यात आकडा वाढला की दोरा जाड होतो. वरच्या बाकी तिन्ही पद्धतींत आकडा वाढला की दोरा बारीक होतो आणि तिथेच घोळ होतो.

कापड, दोरा आणि सुई

मलमल, जॉर्जेट, शिफॉन: टेक्स १८ ते २४, सुई ९ किंवा ११, टाका २ मिमी.
ब्लाउज पीस, पॉपलीन, कुर्त्याचे सुती कापड: टेक्स २४ ते ३०, सुई ११ किंवा १४, टाका २.५ मिमी.
गोधडी, रजई: टेक्स ३० ते ४०, सुई १४ किंवा १६, टाका ३ ते ३.५ मिमी.
जीन्स, कॅनव्हास: टेक्स ६० ते ८०, सुई १६ किंवा १८, टाका ३.५ ते ४ मिमी. घरगुती मशीनवर एवढा जाड दोरा फक्त वर लावा, बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या चकरीत) टेक्स ३० ते ४० चा भरा.

सुईच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. त्यातला ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिमी, आणि १४ हा वरच्या यादीतला सुईचा नंबर. सुई आणि दोरा जुळतात का हे मशीनला न लावताच कळते. हातभर दोरा सुट्या सुईत ओवा, दोन्ही टोके ताणून धरा आणि एक हात वर उचलून दोरा तिरका करा. सुई आपोआप घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर सुई एक नंबर मोठी घ्या. ही तपासणी फालतू समजू नका. दोऱ्याचा प्रत्येक तुकडा टाक्यात बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा वर-खाली होतो. नेढे अरुंद असेल तर दोरा पिंजतो आणि तुटतो, आणि दोष मात्र रिळाला जातो.

सुती की पॉलिस्टर

पॉलिस्टर मजबूत असतो, थोडा ताणतो, धुतल्यावर आटत नाही. शाळेचा गणवेश, लेगिंग, रोज धुवायचे कपडे यांना तोच लावा. सुती दोरा ताणत नाही आणि त्याला कडक इस्त्री चालते, पण तो धूळ सोडतो आणि पहिल्या धुण्यात किंचित आटतो. तीन ठिपक्यांची इस्त्री साधारण २०० अंशांपर्यंत जाते. पॉलिस्टर त्या तापमानाला वितळत नाही, पण इस्त्री एकाच जागी दाबून ठेवायची असेल तर सुतीच बरा. पारदर्शक नायलॉन दोऱ्यापासून इस्त्री लांबच ठेवा.

रेयॉनचा चकचकीत दोरा भरतकामाचा आहे, शिवणीचा नाही. स्वस्त आणि देखणा म्हणून ब्लाउजच्या बगलेला लावलात तर घामाने ओला होऊन उसवणार, कारण ओल्या रेयॉनची ताकद खूप घटते.

हाताने गोधडी शिवायचा खळ दिलेला कडक दोराही मशीनला चालत नाही. त्याचा लेप टेन्शनच्या चकत्यांत, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण धरणाऱ्या चकत्यांत, साठतो.

पीळ तपासा. झेड आणि एस या पिळाच्या दोन दिशा. साध्या शिलाई मशीनला झेड पिळाचा दोरा लागतो. वीतभर दोरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि उजव्या हाताने तो स्वतःकडे फिरवा. पीळ घट्ट झाला तर दोरा योग्य. पदर सुटायला लागले तर तो एस पिळाचा, मशीनवर उलगडत जाऊन तुटेल.

गोधडीसाठी

जुन्या सुती साड्यांच्या गोधडीला सर्वांत मजबूत दोरा लागतो हा समज सोडून द्या. वापरून विरलेल्या साडीपेक्षा दोरा जरा कमजोर हवा. ओढाताणीत टीप तुटली तर पाच मिनिटांत पुन्हा मारता येते. दोरा टिकला आणि साडी फाटली तर ठिगळ लावावे लागते. म्हणून आम्ही इथे ५०/३ सुती दोरा सुचवतो, टेक्स साधारण ३५. नव्या कापडाची, आत पॉलिस्टरचा थर घातलेली रजई असेल तर ४०/२ पॉलिस्टर बिनधास्त वापरा.

दोरा किती लागेल? एका टाक्याला टाक्याची लांबी दोनदा आणि दाबलेल्या थरांची जाडी दोनदा एवढा दोरा जातो. टाका ३ मिमी आणि जाडी दीड मिमी धरली तर एका टाक्याला ९ मिमी, म्हणजे टिपेच्या तिप्पट. पाच बाय सात फुटांच्या गोधडीवर एकेक इंचावर उभ्या टिपा मारल्या तर साठेक रांगा होतात, म्हणजे सुमारे १२८ मीटर टीप. तिप्पट ३८४ मीटर, त्यात टोके आणि तुटफूट धरून १५ टक्के मिळवले की साडेचारशे मीटर हाताशी हवा. यातला निम्मा बॉबिनमध्ये जातो. सगळा दोरा एकदम घ्या, नंतर आणलेल्या रिळाची छटा जुळेलच असे नाही.

लाल, काळ्या, गर्द निळ्या सुती दोऱ्याचा रंग आधी तपासा. तुकडा भिजवून पांढऱ्या कापडात घाला आणि वरून इस्त्री फिरवा. डाग उमटला तर फिक्या साडीवर तो दोरा नको.

टिपा मधल्या रांगेपासून कडेकडे न्या. कडेपासून सुरुवात केली तर थर सरकत जाऊन शेवटी खालच्या साडीची चुणी मध्येच अडकते. जाडी फार असेल तर मशीनच्या पायाचा (कापड दाबून धरणाऱ्या प्रेसर फूटचा) दाब थोडा कमी करा आणि कापड मागून ओढू नका, सुई वाकते.

बिघडते कुठे

खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होते तेव्हा बहुतेक जण बॉबिनला दोष देतात. खरे कारण जवळजवळ नेहमी वरचे असते. पाय खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात शिरतच नाही. पाय उचला, मग ओवा.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, मगच दुसरा दोष शोधा. घरगुती मशीनच्या सुईची एक बाजू सपाट असते. ती उलटी बसली किंवा पूर्ण वर गेली नाही तरी टाके सुटतात. गोधडी शिवताना सुई लवकर बोथट होते, प्रत्येक गोधडीला नवी घाला.

बारीक कापडावर टीप गोळा होत असेल तर टेन्शन सैल करून पाहा. तरीही राहिले तर बॉबिन तपासा. पॉलिस्टर दोरा भरधाव वेगाने बॉबिनवर भरला की तो ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो, टाक्यात गेल्यावर पुन्हा आखडतो आणि कापडाला सुरकुत्या पडतात. बॉबिन मध्यम वेगाने भरा.

सुती दोरा वापरत असाल तर दर दोन-तीन बॉबिननंतर शटलमधली (बॉबिन बसते त्या भागातली) धूळ ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, ओलसर हवा आणि धूळ आतच बसते.

कोनचा दोरा घरगुती मशीनच्या खुंटीवर आडवा खोचू नका. कोन मागे टेबलावर उभा ठेवा आणि दोरा त्याच्या बरोबर वरच्या कडीतून घ्या, म्हणजे झटके न बसता सुटतो.

घरातले जुने रीळ वापरण्याआधी वीतभर दोरा दोन्ही हातांनी झटक्यात ओढून पाहा. हलक्या झटक्यात तुटला तर त्याने फक्त कच्चे टाके घाला. दोरा खिडकीत ठेवू नका, उन्हाने तो विरतो. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात ठेवा, सुती दोऱ्याला दमट हवेत बुरशी धरते.

रंग जुळवायला दुकानात येताना कापडाचा तुकडा आणा, मोबाइलमधला फोटो नको. रिळावर गुंडाळलेला दोरा गडद दिसतो, एकच पदर कापडावर टाकला की फिका वाटतो. म्हणून काउंटरवर रीळ उलगडून पदर कापडावर ठेवून पाहा, आणि दोन छटांत अडलात तर जरा गडद घ्या.